कमानीची उंची

राष्ट्रासाठी सांडलेल्या रक्ताचा एक थेंबही वाया जात नाही.

हे वाक्य आमच्या वाडीतल्या शाळेच्या कमानीवर सिमेंटच्या अक्षरांत आहे आणि अक्षरांना सोनेरी रंग दिलेला आहे. ज्याच्यासाठी ते लिहिलं तो सैनिक नव्हता. एका मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये तो ऑइलर होता. जहाजावर झेंडा एका देशाचा होता, मालक दुसऱ्या देशातला, आतलं खत तिसऱ्या देशाला चाललं होतं, आणि ज्यांचं युद्ध होतं ते चौथे आणि पाचवे. यातला एकही देश आपला नव्हता. शिवाय शवपेटीबरोबर आलेल्या डॉक्टरी कागदाप्रमाणे तो धुरात गुदमरून गेला. रक्त सांडलेलं नव्हतं.

हे मी आमच्या मुंबई मंडळाच्या अध्यक्षांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "सर, गुदमरला असं कमानीवर लिहिता येत नाही."

यात तथ्य होतं.

मी रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालो आणि पावसच्या वरच्या अंगाला, सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, आमच्या वाडीत राहायला आलो. वाडी मला मास्तर म्हणते. शाळेच्या व्यवस्थापन समितीवर माझी नेमणूक 'शिक्षणप्रेमी' म्हणून झाली होती. ही थट्टा नव्हे, तसं पदच आहे. समितीत पालक असतात, शिक्षक असतो, आणि एक जण शिक्षणावर प्रेम करण्यासाठी वेगळा नेमलेला असतो. इतरांना ते सक्तीचं नाही.

शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची. जांभ्या दगडाची एक लांब खोली, पुढे पडवी, आणि तिच्यापुढे मोठं अंगण. वाडीचा रस्ता त्या अंगणात येऊन संपतो. पुढे नुसता काळा सडा आहे आणि त्यापलीकडे आंब्याच्या बागा. वाडीत येणारी प्रत्येक गाडी शाळेच्या अंगणात जाऊन वळायची, कारण दुसरीकडे जिथे जिथे वळायला जागा होती तिथे कुणाचा ना कुणाचा गडगा आला आहे. गडगा म्हणजे दगडांची रचून केलेली भिंत. आमच्याकडे भावाभावांत बोलणं संपलं की गडगा सुरू होतो.

ज्यांना परवडत होतं त्यांची मुलं सकाळी एका बुटक्या पिवळ्या व्हॅनमध्ये बसून शहरातल्या इंग्रजी शाळेत जात. व्हॅन शाळेच्या अंगणात येई, त्या मुलांना घेई आणि वळून निघून जाई. मग उरलेली मुलं त्याच अंगणात प्रार्थनेला उभी राहत. यात कुणालाच काही विचित्र वाटत नसे. उरलेल्यांत बागेतल्या गड्यांची मुलं होती, एका गवंड्याचा मुलगा होता, आणि मोहोर आल्यावर बागा राखायला येणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुलं असत. पट धरतात तो पावसाळ्याच्या अखेरीला. तेव्हा नेपाळी मुलं नेपाळात असतात. त्यामुळे आमची शाळा हिवाळ्यात भरलेली आणि कागदावर रिकामी असायची.

त्या उरलेल्यांत ऑइलरची मुलगीही होती, तिसरीत. जहाजावर नोकरी म्हटलं की लोकांना सोनं दिसतं. पण तो एजंटमार्फत कंत्राटावर जायचा. कंत्राट संपलं की कधी कधी वर्ष वर्ष घरी. घरी असला की शाळेची कौलं सारून द्यायचा, कारण तो स्वतः याच शाळेत शिकलेला. पुढच्या कंत्राटानंतर पोरीला इंग्रजीत घालू, असं तो म्हणायचा. त्याची बायको शाळेत मुलांची खिचडी शिजवायची.

त्याची बातमी आली त्या सकाळी गुरुजींनी मला शाळेत बोलावलं ते वेगळ्याच कामासाठी. शाळेत शिक्षक एकच, बीडकडचा, तरुण. आपल्या जिल्ह्यात बदली व्हावी म्हणून दर वर्षी अर्ज करायचा आणि दर वर्षी आमच्याच वाडीत राहायचा. त्याच्या हातात वरून आलेलं पत्र होतं.

"सर, आपली शाळा समायोजित करायलेत," तो म्हणाला.

शाळा बंद करतो असं सरकार म्हणत नाही. कमी पटाच्या शाळेचं मोठ्या शाळेत समायोजन होतं. पुढच्या जूनपासून आमच्या मुलांनी खालच्या मोठ्या गावातल्या शाळेत जायचं होतं. मुलांसाठी वाहनाची सोय करण्यात येईल, असं पत्रात होतं. मी ते दोनदा वाचलं. भाषा निर्दोष होती.

पडवीत ऑइलरची बायको खिचडी ढवळत होती. आमचं बोलणं तिला ऐकू जात होतं. "काका, पऱ्याचं काय?" तिने तिकडूनच विचारलं.

वाडी आणि खाली तीन रस्ते मिळतात तो तिठा यांच्यामध्ये एक पऱ्या, म्हणजे ओढा, आहे. आठ महिने तो कोरडा असतो आणि त्यात गुरं चरतात. पावसात सड्यावरचं सगळं पाणी त्याला येऊन मिळतं आणि रस्त्यावरची फरशी, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, पाण्याखाली जाते. गाडी निघून जाते. माणसाने मात्र थांबावं. मोठी माणसंसुद्धा थांबतात. मी तिला सांगितलं की गाडी देणार आहेत, पत्रात तसं लिहिलंय.

"लिवलेला काय, पष्कळ असतो," ती म्हणाली. "पोरगी हितं माझ्या डोळ्यांसमोर असते. मी ढवळते, ती वाचते. शाळा हितंच ठेवा म्हणावं. बाकी मना काय नको."

मी म्हटलं, बघू. शिक्षणप्रेमी माणसाला याहून जास्त अधिकार नसतात.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिच्या नवऱ्याच्या जहाजावर केळशीचा एक जण होता, त्याचा फोन. ती बराच वेळ नुसती हां, हां करत होती. तोंडावर काही दिसत नव्हतं. मग तिने फोन चुलीजवळच्या फळीवर ठेवला आणि म्हणाली, "गुरुजी, जरा ढवळा. खाली लागंल."

आणि तिथेच बसली.

गुरुजींनी ढवळली. मुलं त्या दिवशीही जेवली. खिचडी थोडी लागली होती.

कंपनीने नंतर जे कळवलं त्यात 'घटना' असा शब्द होता. जहाजाला ड्रोन लागला, इंजिनरूमला आग लागली, वरचे लोक उतरले, खालचे राहिले, याचं नाव घटना. शाळेचं समायोजन आणि जहाजाची घटना ही दोन्ही पत्रं एकाच माणसाने लिहिली असावीत, असं मला कित्येक दिवस वाटत होतं. वाडीतल्या टीव्हीवर रोज त्या समुद्राचा नकाशा दिसे, त्यावर लाल बाण असत, आणि निवेदक आमच्या घाटावरच्या एसटी ड्रायव्हरसारखे ओरडत. मी वर्गात युद्धाची कारणं शिकवली आहेत: तात्कालिक आणि मूलभूत. मुलं ती पाठ करायची. मोठ्या गावातून दळण घेऊन येणारी बाई वाटेत पडून मेली तर तिच्या मरणाला जेवढं मूलभूत कारण असेल तेवढंच याच्या मरणाला होतं. तो वाटेवर होता.

शाळेच्या अंगणात मुलं युद्ध खेळत. फणसाचं पान ड्रोन. एक जण जहाज व्हायचा, हात पसरून हळूहळू चालायचा, आणि बाकीचे पानं फेकायचे. पान लागलं की जहाज आऊट. बापाची बातमी येण्याआधी ऑइलरची मुलगी नेहमी जहाज व्हायची, कारण जहाजाचा भोंगा तिला हुबेहूब काढता यायचा. बातमीनंतर आठवड्याभराने ती शाळेत आली. त्या दिवशी मी अंगणात होतो. मुलं खेळ थांबवून तिच्याकडे बघत उभी राहिली. तिने दप्तर पडवीत टाकलं, हात पसरले आणि भोंगा काढला. गुरुजी खिडकीपासून बाजूला झाले. कुणी पान फेकलं नाही. ती अंगणाला एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "खेळा की."

मग ते खेळले.

पेटी आली ती शिमग्याच्या आधी. मुंबईहून महामार्गाने यायला तिला जेवढा वेळ लागला तेवढ्यात समुद्र ओलांडून झाला असता. पेटीबरोबर मुंबई मंडळाचे अध्यक्ष आले. आमच्या वाडीतले कर्ते पुरुष मुंबईत असतात, त्यांचं तिथे मंडळ आहे, आणि वाडीत विहिरीला रहाट बसवायचा की पंप हे दादरच्या एका खोलीत ठरतं. अध्यक्ष गोदीतून निवृत्त झालेले, भारदस्त, पांढऱ्या मोठ्या गाडीतून फिरणारे. स्मशानातल्या भाषणात त्यांनी पहिल्यांदा 'शहीद' हा शब्द वापरला. तोवर वाडी 'बिचारा' म्हणत होती. शहीद म्हटल्यावर वाडीचा चेहरा बदलला. बिचाऱ्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही. शहिदासाठी काहीतरी बांधावं लागतं.

शिमगा झाल्यावर देवळाच्या सभामंडपात गावकीची बैठक बसली. त्या वर्षी पालखी सुतकामुळे त्या एका घरी गेली नव्हती, बाकी सगळं रीतीप्रमाणे झालं होतं. पुरुष मंडपात बसले. बायका पायरीवर बसतात. तसा नियम नाही, फक्त तशी पायरी आहे. ऑइलरची बायकोही आली होती.

अध्यक्ष म्हणाले, "मंडळाच्या वतीने वाडीच्या तोंडाशी, तिठ्यावर, भव्य कमान उभारायची. शहिदाचं नाव. एक मेला उद्घाटन. साहेब येणार, शब्द दिलाय त्यांनी."

साहेब म्हणजे मंत्री. सरकार बदललं तरी आमच्याकडे हा शब्द बदलत नाही.

मी म्हटलं, "जूनपासून शाळा बंद होते आहे. साहेब येणारच आहेत तर तेच मागू. त्याच्या नावाने शाळा राहिली तर तेच स्मारक."

"सर, शाळा काय, ती शासन बघेल. स्मारक म्हणजे पिढ्यानपिढ्या राहणारी वस्तू."

"शाळाही राहते. ठेवली तर."

"तुमचा मुद्दा बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले. हे वाक्य ऐकलं की आपला मुद्दा संपला असं समजावं.

अडचण आली ती वेगळ्या बाजूने. आमचे गावकर, म्हणजे देवाचे पहिले मानकरी, खांबाला टेकून सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "तिठ्यावरनं पालखी जाते."

"जाऊ दे की. कमान उंच घेऊ. वर नाचवलीत तरी लागणार नाही इतकी."

"लागायचं सांगत नाय मी. देवाची पालखी माणसाच्या नावाखालनं जायची?"

"अहो बाबा, शहीद आहे तो!"

"असंल. पण देव नाय ना."

यावर बराच खल झाला. एकाने सुचवलं की पालखीच्या दिवशी नाव कापडाने झाकावं. दुसरा म्हणाला, मग ते नाव झाकलेलंच दिसणार सगळ्यांना. शेवटी आमच्याकडे जे होतं ते झालं. कौल लावायचं ठरलं. गुरवाने आंघोळ करून येऊन पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देवाची हरकत नाही, डावी पडली तर आहे. गावकरांनी गाऱ्हाणं घातलं, सगळे उभे राहिले. मंडपातला पंखा पूर्ण वेगात होता. उकाडा फार होता म्हणून तो बंद करावा असं कुणाला वाटलं नाही. डावी पडली.

"झाला," गावकर म्हणाले. "तिठ्यावर नको."

मग पालखी जात नाही अशी जागा शोधायची वेळ आली. पालखी वाडीत घरोघर जाते. ती जात नाही अशी एकच जागा होती: शाळा. शाळेत मानकरी राहत नाहीत. अंगणाच्या तोंडाशी, दोन गडग्यांच्या मध्ये, कमानीला जागाही बेतशीर होती. पुन्हा पाकळ्या लावल्या. उजवी पडली.

तेव्हा पायरीवरून आवाज आला. "बाबा, लावताच हाव तर आणखी एक लावा."

सगळ्यांनी वळून बघितलं. ऑइलरची बायको उभी राहिली होती, डोक्यावर पदर घेऊन.

"शाळा ठेवायची काय नाय, ता पण इचारा देवाला."

मंडपात कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला काढला. गुरवाच्या हातात ओल्या पाकळ्या होत्या. तो गावकरांकडे बघायला लागला. गावकर हा वाईट माणूस नव्हे. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"गो बाय, देव गावच्या गोष्टी बघतो. शाळा जिल्हा परिषदेची. दुसऱ्याच्या खात्यात देव हात कशाला घालील?"

"आनि देव नको म्हणाला तर?" ती म्हणाली. "ता तरी कळंल."

"नको म्हणाला तर तू देवावर रुसशील. होय म्हणाला नि सायबानं ऐकलं नाय तर देवाचीच शोभा. कशाला त्याला अडचणीत घालतंस?"

इतकं स्वच्छ राजकारण मी पुस्तकांतही थोडंच वाचलं आहे.

"पोर तरी गावची हाय ना?" ती म्हणाली.

यावर कुणीतरी मांडवाचा विषय काढला, आणि मांडव हा विषय असा आहे की त्यावर प्रत्येकाचं मत असतं.

त्याच आठवड्यात 'शाळा बचाव कृती समिती' स्थापन झाली. अध्यक्षांनीच ती स्थापन केली, कारण माझ्या बोलण्याचा त्यांना मान ठेवायचा होता. समितीने फलक छापला. त्यावर समितीच्या सदस्यांचे फोटो होते. त्यांच्यापैकी एकाचंही मूल त्या शाळेत नव्हतं. एकाला मी विचारलं, की तुमचे दोघे या शाळेत घातलेत तर पट वाढेल. तो मनापासून दचकला. "मास्तर, शाळा वाचली पायजे हे खरं," तो म्हणाला, "पण पोरांचं नुकसान कशाला?"

कमानीचं काम एप्रिलभर चाललं. आंबा उतरवायचे दिवस, गडी मिळत नव्हते. नेपाळी मुलांचे बाप सकाळी बागेत आणि दुपारनंतर कमानीवर असत. आपली मुलं ज्या शाळेतून निघणार तिच्या दाराला ते चिरे लावत होते. मी एकाला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "काम आहे, सर."

उंचीचा प्रश्न एका दुपारी निघाला. मी पडवीत बसलो होतो. ठेकेदाराने अध्यक्षांना विचारलं, "आता उंची किती घेऊ? नकाशात पालखीच्या हिशेबानं जास्त धरलीय."

"पालखी येणार आहे का इथे?"

"न्हाय."

"मग कशाला वाढवायची? अक्षरं खालून वाचता आली पाहिजेत. साहेबांची गाडी आत गेली म्हणजे बास."

साहेबांची गाडी हजर नव्हती. पण अध्यक्षांची गाडी अगदी तशीच होती, रंगासकट. ती अंगणाच्या तोंडाशी उभी केली. आंबे उतरवायची घळ, म्हणजे लांब काठीला लावलेली जाळी, कोपऱ्यात होती. तिची काठी गाडीच्या टपावर आडवी धरून, वर एक वीत सोडून, ठेकेदाराने गडग्यावर खूण केली. बाजूने पिवळी व्हॅन आत आली, वळली, निघून गेली. तिला काहीच अडलं नाही. सगळे समाधानाने चहा प्यायला गेले.

एक मेला ऊन मी म्हणत होतं. साहेब उशिरा आले. त्यांना तिठ्यावर उतरवून घेऊन ढोलताशाच्या गजरात पायी वर आणलं, कारण मिरवणूक गाडीतून निघाली तर फोटो चांगले येत नाहीत. साहेबांनी फीत कापली आणि भाषण सुरू केलं. ते म्हणाले की या मातीने देशाच्या सीमेवर आपला पुत्र पाठवला. मागून कुणीतरी कुजबुजलं, "समुद्रात." साहेब अनुभवी होते. "समुद्राच्या सीमेवर," ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

मुलीने बोलावं असं ठरलं होतं. अध्यक्षांनी भाषण लिहून दिलं होतं, गुरुजींनी ते पाठ करून घेतलं होतं. त्यात 'तिरंगा' तीनदा होता. ती माईकपुढे उभी राहिली. माईक उंच होता, तो वाकवावा लागला. मग ती म्हणाली:

"माझे पप्पा जहाजावर इंजिनाला तेल घालायचे. जूनमध्ये माझी शाळा बंद होणार आहे. जय हिंद, जय महाराष्ट्र."

शेवटच्या चार शब्दांवर प्रचंड टाळ्या झाल्या. साहेबांनीही वाजवल्या. गुरुजी माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, "सर, पाठ तर सगळं होतं तिचं."

मग वीरपत्नी म्हणून तिच्या आईचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. शाल पांघरताना साहेब वाकले तेव्हा ती म्हणाली, "साहेब, शाळा ठेवा."

"ताई, सरकार तुमच्या पाठीशी आहे."

"ता बरा हाय. पन शाळा?"

साहेबांनी मागे बघितलं. त्यांचा माणूस पुढे आला. मी अर्ज तयार ठेवला होता, तो त्याच्या हातात दिला. त्याने नम्रपणे घेतला आणि जागेअभावी नारळांच्या पिशवीत ठेवला. साहेबांना पुढे मालगुंडकडे आणखी एक फीत कापायची होती.

सगळे गेल्यावर ती पडवीत बसून शालीची घडी घालत होती. "काका, लोकरीची हाय," ती म्हणाली. "पावसात पोरीच्या डोक्यावर चालंल काय?"

मी म्हटलं, नाही, ओली झाली की जड होईल.

"मंग राहू दे," ती म्हणाली, आणि ती शाल पुढे कधी कुणी पाहिली नाही.

जूनच्या आधीच एक टेम्पो येऊन शाळेची पातेली, वजनकाटा, नकाशे आणि एक कपाट घेऊन गेला. टेम्पो तिठ्यावर उभा करून माणसांनी सामान डोक्यावरून नेलं. का, ते तेव्हा आम्ही विचारलं नाही. आमच्याकडे टेम्पोवाले नेहमीच काहीतरी कारण काढतात. गुरुजींची बदली झाली, पण बीडला नव्हे, गुहागरकडे. जाताना त्यांनी खिडक्या आतून लावल्या आणि किल्ली माझ्याकडे दिली. ती कुणाकडे द्यायची ते पत्रात नव्हतं. ती अजून माझ्याकडे आहे. खिचडीचं काम मोठ्या शाळेत आधीपासून दोघी जणी करत होत्या. आता ऑइलरची बायको बागेत आंब्याच्या पेट्यांत पेंढा भरायच्या कामावर जाते. हंगामापुरतं.

शाळा उघडायच्या दिवशी मुलांसाठी ठरल्याप्रमाणे गाडी आली. सरकारने शब्द पाळला होता, आणि हे मी कुणालाही सांगायला तयार आहे. उंच, पांढरी, टपावर सामानाची जाळी असलेली गाडी. पाऊस चालू होता. मुलं आपापल्या इरल्या-रेनकोटांत कमानीच्या आत, पडवीत उभी होती. गाडी कमानीपाशी आली आणि थांबली. ड्रायव्हर उतरला. त्याने वर बघितलं, गाडीच्या टपाकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं. सोनेरी अक्षरांतून पाणी गळत होतं.

"जाळी काढली तर?" मी विचारलं.

"जाळी काढली तरी टप लागतंय, काका. हात दीड हात कमी पडतंय."

"मग इथेच थांबवून मुलं घ्या."

"घेतो की. पण वळवू कुठं? एवढ्या पावसात तिठ्यापर्यंत रोज मागं मागं न्यायची?" त्याने दोन्ही बाजूंच्या गडग्यांकडे बघितलं. "आज नेतो. उद्यापासून पोरांना तिठ्यावर पाठवा."

त्या दिवशी त्याने गाडी पूर्ण उतार मागे मागे नेली, पऱ्यावरच्या फरशीवरून, पाण्यातून. दुसऱ्या दिवसापासून तो तिठ्यावरच थांबतो. त्याचं चुकतं असं मला म्हणता येत नाही.

मी अध्यक्षांना फोन केला. कमान वरून थोडी कापता येईल का, विचारलं. "सर," ते म्हणाले, "शहिदाचं नाव फोडायचं? उद्या पेपरात काय येईल?" गावकरांकडे गेलो. ते म्हणाले की कौल घेऊन बसवलेली वस्तू हलवायची तर पुन्हा कौल घ्यावा लागेल, आणि देवाला आता दिवाळीपर्यंत उठवत नाहीत.

तेव्हा सकाळी पाऊस असला की ऑइलरची बायको आणि मुलगी पऱ्यापाशी येऊन उभ्या राहतात. फरशीवर पाणी असलं तर थांबतात. कमी झालं तर मुलीला पाठुंगळीवर घेऊन ती पलीकडे सोडते आणि परत येते. फार असलं तर गाडी पलीकडे एकदा भोंगा वाजवून निघून जाते, मुलगी त्याला आपल्या भोंग्याने उत्तर देते, आणि दोघी घरी जातात. मुलीचे किती दिवस बुडाले ते मी विचारलं नाही. मोठ्या शाळेतल्या बाईंनी तिच्या आईला निरोप पाठवला की मुलीला शाळेची गोडी दिसत नाही.

मीही सकाळी फिरायला म्हणून त्याच वेळी तिकडे जातो. मदत काही होत नाही. माझ्या पाठीत तेवढी ताकद उरलेली नाही. नुसतं शेजारी उभं राहणं होतं. एकदा मुलीच्या आईने पाण्याकडे बघत विचारलं, "काका, ती लढाई संपली काय हो?"

मी म्हटलं, बातम्यांत आता दुसरी दाखवतात.

ती "हां" म्हणाली. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला, म्हणून आम्ही बाजूला झालो. पिवळी व्हॅन होती. ती बुटकी आहे. रोज सकाळी ती कमानीखालून आत जाते, बंद शाळेच्या अंगणात वळते, आणि शहराच्या रस्त्याला लागते.